गैरहजर मासे

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एका वहिनींनी फोटो टाकला होता. उम्म सलालच्या बाजारातून आणलेला मासा आणि त्याच्या परावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरट गाठ. खाली प्रश्न : "हे काय आहे? खाल्लं तर चालेल का?" पुढच्या दहा मिनिटांत निदानांचा पाऊस पडला. कॅन्सर, प्लॅस्टिक, तेलाचे तवंग, कुणीतरी तर थेट मोबाइलचे टॉवरसुद्धा. शेवटी वहिनींनी मासा फेकून दिला आणि त्या रात्री पिठलं केलं.

फोटोवरून निदान करणारी मी कोण? पण अशा गाठींचं सगळ्यात परिचित कारण एक विषाणू आहे. त्या आजाराला लिम्फोसिस्टिस म्हणतात आणि तो एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. विषाणू माशाच्या त्वचेखालच्या पेशीत शिरतो आणि ती पेशी फुगत फुगत रव्याच्या कणाएवढी होते, म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसेल इतकी मोठी. अशा पेशींचा घोस म्हणजे ती गाठ. मासा बहुतेक वेळा त्याने मरत नाही, माणसाला तर त्याचं काहीच होत नाही. दिसायला किळसवाणं, एवढंच. (खरी काळजी करायची असेल तर ऑगस्टमध्ये गाडीच्या डिकीत तासभर राहिलेल्या सुरमईची करा. तिच्यात तयार होणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही, आणि त्याचा विषाणूशी काही संबंध नाही.)

माझं डोकं मात्र दुसऱ्याच प्रश्नात अडकलं. बाजारात एक गाठवाला मासा दिसला, तर समुद्रात असे किती असतील? आणि ज्या विषाणूंमुळे गाठ येत नाही, मासा सरळ मरतो, त्यांचं काय? माझं एम.ए. गणितातलं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं अलिबागला शाळेत शिकवलं, त्यामुळे 'किती' हा शब्द आला की मला बसवत नाही. सुट्टीत मुलीला तिच्या आजीकडे सोपवून मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. या वर्षीच्या सदरात तेच सांगते.

शाळेत आम्ही सकाळी हजेरी घ्यायचो. तेवीस नंबर सलग तीन दिवस गैरहजर असला की कुणीतरी सांगायचं, "बाई, त्याला कांजिण्या आल्यात." साथ आली हे आम्हाला आधी हजेरीपत्रकावरून कळायचं, डॉक्टरांकडून नंतर. कोंबड्यांच्या शेडमध्ये मालकाला सकाळी मेलेल्या कोंबड्या दिसतात. समुद्रातल्या माशांचं हजेरीपत्रक कुणाकडे आहे? आजारी मासा थोडा मंदावला की मोठ्या माशाच्या किंवा पाणकावळ्याच्या तोंडात जातो. त्यातूनही मेला तर तळाला जातो आणि खेकडे त्याची विल्हेवाट लावतात. जाळ्यात सापडून बाजारात येतात ते बहुतेक पोहण्याइतके धडधाकट. म्हणजे आपण बर्फावर बघतो ते हजर विद्यार्थी. त्यांच्याकडे बघून शाळेत साथ आहे का, हे सांगायचं असतं.

मासे किती पकडावेत याचा हिशेब सरकारं ठेवतात. कनअद, म्हणजे आपली सुरमई, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर जाळ्याने पकडायला कतारमध्ये बंदी असते, हे आपल्यातल्या खवय्यांना चांगलंच ठाऊक आहे. अशा नियमांमागचं मत्स्यशास्त्राचं गणित साधं आहे. दर वर्षी मासे मरतात ते दोन कारणांनी : एक मासेमारी, दुसरं 'नैसर्गिक मृत्यू'. या दुसऱ्याला 'एम' हे एकच अक्षर. म्हातारपण, शिकार, उपासमार, आजार, सगळं त्या एका 'एम'मध्ये. आणि गंमत म्हणजे अनेक वर्षं, अनेक जातींच्या माशांसाठी, दुसरा आधार नसला की 'एम'ची किंमत सरळ ०.२ धरली जायची. आमच्या वर्गात एखाद्या मुलाने असं 'धरलं' असतं तर मी वहीवर लाल शेरा मारला असता. ज्या वर्षी साथ येईल त्या वर्षी ते ०.२ साफ चुकणार आणि सगळा हिशेब कोसळणार.

असं एकदा खरंच झालं, आणि तेही आपल्या तारलीच्या भावंडांच्या बाबतीत. मार्च १९९५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ पिल्चर्ड मासे मरायला लागले. पोहता पोहता अस्वस्थ व्हायचे आणि काही मिनिटांत संपायचे. कल्ले सुजल्यामुळे पाण्यात असूनही त्यांचा श्वास कोंडत होता. मरत होते ते मोठे मासे, साधारण ११ सेंटिमीटरपेक्षा लांब. पिल्लं वाचत होती. साथ एका ठिकाणाहून किनाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सरकली, दिवसाला सरासरी ३० किलोमीटर, आणि चक्क समुद्राच्या प्रवाहाच्या उलटसुद्धा. काही महिन्यांत ५,००० किलोमीटरहून जास्त किनारा झाला आणि न्यूझीलंडही. कारण निघालं नागीण ज्या कुळातल्या विषाणूने होते त्याच कुळातला, हर्पिस गटातला, एक नवा विषाणू. १९९८ मध्ये साथ पुन्हा आली. जवळच्याच पोर्ट लिंकनला ट्यूना मासे पिंजऱ्यात ठेवून वाढवतात आणि त्यांना परदेशातून आणलेले गोठवलेले पिल्चर्ड खायला घालतात. संशय तिथे गेला, सिद्ध मात्र झाला नाही.

मला त्या साथीपेक्षा त्यांनी केलेली मोजणी जास्त आवडली. किती मासे मेले हे कसं मोजायचं? किनाऱ्यावर वाहून आलेले मोजून काय उपयोग? तिथल्या शास्त्रज्ञांनी मेलेले मोजलेच नाहीत. त्यांनी अंडी मोजली. ही मोजणी मासेमारीचा कोटा ठरवायला ते आधीपासून करत होते. बारीक जाळी पाण्यातून उभी वर ओढायची, तिच्यात किती अंडी आली ते बघायचं, एक मादी किती अंडी घालते ते माहीत असतं, त्यावरून अंडी घालणाऱ्या माशांचं एकूण वजन काढायचं. साथीआधी किती, साथीनंतर किती. वजाबाकी म्हणजे गैरहजर. दक्षिण ऑस्ट्रेलियात दुसऱ्या साथीत मोठ्या पिल्चर्डपैकी सुमारे ७० टक्के गेले, असा अंदाज त्यातून निघाला. पहिल्या साथीनंतर व्हिक्टोरिया राज्यात फिलिप बेटावरच्या छोट्या पेंग्विनांची उपासमार झाली, तीही लोकांनी नोंदवली. म्हणजे तेवीस नंबर आला नाही हे त्याच्या डबा वाटून खाणाऱ्या मित्रावरून कळावं तसं.

आणि पुढची गोष्ट. साथ संपल्यावर काही वर्षांनी तिथल्या संशोधकांनी धडधाकट दिसणारे पिल्चर्ड पकडून तपासले, तर विषाणू त्यांच्यात होता. मासे मरत नव्हते, पण विषाणू वस्तीला राहिला होता. कुणी आजारी नसताना तपासलं म्हणून हे कळलं. मृत माशांची वाट बघत बसले असते तर 'विषाणू गेला' असंच म्हटलं गेलं असतं.

असंच युरोपात घडलं. डेन्मार्कमधल्या एग्टवेड गावाच्या नावाने ओळखला जाणारा ट्राउट माशांचा एक रक्तस्रावी आजार होता. गोड्या पाण्यातल्या तळ्यांचा रोग, असं सगळे धरून चालले होते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात समुद्रातून नदीकडे परतणाऱ्या सामन माशांमध्ये त्याचा विषाणू सापडला. तिथून शोध सुरू झाला. नव्वदच्या दशकात संशोधकांनी जहाजांवर जाऊन बाल्टिक आणि उत्तर समुद्रातले हेरिंग, स्प्रॅट, कॉड हजारोंनी तपासले, तर विषाणू तिथे आधीपासूनच नांदत होता. तळ्यातल्या ट्राउटला पूर्वी कच्चे समुद्री मासे खायला घालत. आता वाटा कुठून आल्या असतील ते लक्षात येतं.

तर अशी पाहणी करायची म्हणजे किती मासे तपासायचे? इथे माझ्यातली बाई जागी झाली. समजा शंभरात पाच माशांत विषाणू आहे. तुम्ही तीस मासे तपासले. तिसांपैकी एकही विषाणूवाला न निघण्याची शक्यता किती? ०.९५ चा तिसावा घात, म्हणजे जवळजवळ २१ टक्के. दर पाच पाहण्यांत एक पाहणी 'सगळं ठीक' असं खोटंच सांगेल. ही फसगत पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर ५९ मासे लागतात, म्हणून पाहण्यांमध्ये ६० हा आकडा सारखा भेटतो. शंभरात दोनच असतील तर १४९ लागतात, म्हणून १५०. समुद्रात मासे दहा लाख आहेत की दहा कोटी, याने या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. हे विद्यार्थ्यांना कधीच पटायचं नाही. आमटीची चव बघायला चमचाभर पुरतो, पातेलं मोठं आहे म्हणून डावभर लागत नाही, असं सांगितल्यावर पटायचं. अर्थात आमटी नीट ढवळलेली हवी.

मुलगी परत आल्यावर तिच्यासोबत मी हा प्रयोग केला. चारशे काबुली छोले, त्यातल्या वीसांवर लाल मार्करचा ठिपका, सगळे मोठ्या डब्यात. डोळे मिटून तीस काढायचे, बघायचे, परत टाकायचे, डबा हलवायचा. दहा खेपांत दोनदा एकही ठिपका आला नाही. ती ओरडली, "आई, संपले का लाल?" नवऱ्याने त्या छोल्यांचं काय करणार एवढंच विचारलं.

पण छोले हातापासून पळत नाहीत, मासे पळतात. आमटी ढवळलेली असते, समुद्र नसतो. एका थव्यातले साठ मासे पकडले तर ते एकाच घरातल्या साठ माणसांची तपासणी केल्यासारखं होतं. आजारी मासा गळाला लागतच नाही, किंवा उलट, दुबळा म्हणून जाळ्यात आधी सापडतो. शिवाय चाचणीही चुकू शकते. खर्च वाचवायला बऱ्याचदा पाच-पाच माशांचे तुकडे एकत्र करून एकच चाचणी करतात. करोनात आपण ऐकलेली आरटी-पीसीआर इथेही तीच. ती विषाणूचा अंश आहे एवढं सांगते, तो जिवंत आहे का हे नाही. त्यासाठी माशाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांच्यावर विषाणू वाढतो का ते बघावं लागतं.

आता आपल्या दारात येऊ. आखातातला समुद्र म्हणजे खरं तर एक मोठी परात. सरासरी खोली फक्त ३५ मीटरच्या आसपास, बाहेर जायला होर्मुझची एक अरुंद वाट, क्षारता चाळिशीच्या वर, आणि उन्हाळ्यात पृष्ठभागाचं पाणी ३५ अंशांपलीकडे. मासा थंड रक्ताचा, त्याला एसी नाही. तो सहनशक्तीच्या कडेवर जगतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये कुवेतच्या खाडीत आधी पिंजऱ्यातले मासे मेले, मग मैद, म्हणजे बोयच्या जातीचे जंगली मासे, अडीच हजार टनांहून जास्त. लोकांनी सांडपाण्याला, तेलाला, लाल भरतीला, ऑक्सिजनला दोष दिला. तपासाअंती बहुतेक मैद मेले ते एका जिवाणूने, स्ट्रेप्टोकोकसने, असं ठरलं. सांडपाण्याचा संशयही राहिलाच. पुढे २००८-०९ मध्ये कोक्लोडिनियम नावाच्या शैवालाची लाल भरती ओमानपासून कतारपर्यंत आली आणि मासे पुन्हा ढिगांनी मेले. एका वेळी जिवाणू, एका वेळी शैवाल. वाळूवर पडलेला मेलेला मासा बघून तो कशाने मेला हे सांगता येत नाही, तपासावंच लागतं.

विषाणूंपैकी आखातासाठी मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते तो नोडाव्हायरस. आकाराने विषाणूंमध्येही अगदी छोटा, सुमारे २५ नॅनोमीटर. तो माशाच्या मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात घर करतो, तिथल्या पेशींत पोकळ्या पडतात. मासा गोल गोल गिरक्या घेत पोहतो, पोट वर करून तरंगतो. पिल्लांच्या टाकीत शिरला तर जवळजवळ सगळी पिल्लं जाऊ शकतात. मोठे मासे मात्र काहीही लक्षण न दाखवता तो बाळगतात आणि अंड्यांतून पुढच्या पिढीला देतात. या आजाराची सुरुवातीची वर्णनं ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बारामुंडीत झाली. बारामुंडी म्हणजे कोण? तर आमच्या रायगडचा जिताडा! खारेपाटात घरामागच्या तळ्यात जावयासाठी राखून ठेवतात तोच. भारतातही जिताड्याच्या पिल्लांत हा विषाणू सापडलेला आहे.

आणि त्याचा जो प्रकार कोमट पाण्यात, २५ ते ३० अंशांत, सगळ्यात चांगला वाढतो त्याचं नावच ग्रूपर माशावरून पडलंय. ग्रूपर म्हणजे हमूर, आपला हेकरू. भूमध्य समुद्रात २०११ मध्ये दक्षिण इटलीच्या आणि २०१२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्यावर हमूरचे जंगली भाऊबंद याच विषाणूने मेले. पिंजऱ्यातले नव्हे, मोकळ्या समुद्रातले.

हमूरचा हिशेब आधीच तंग आहे. तो जन्मतो मादी म्हणून आणि बरीच वर्षं जगला, मोठा झाला, तर नर होतो. आपण बाजारात 'मोठा द्या हो' म्हणतो तेव्हा नेमके नर उचलतो. आखातभर त्याच्यावर मासेमारीचा ताण आहे. म्हणून कतारच्या उत्तरेला रास मत्बखच्या सरकारी जलसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी हमूरची पिल्लं वाढवून समुद्रात सोडतात. काम चांगलंच आहे. पण इथेच जंगली माशांची पाहणी कळीची ठरते. सोडायच्या पिल्लांची आणि त्यांच्या आयांची विषाणूचाचणी हवी, हे एक. आणि समुद्रात आधी काय होतं याची नोंद हवी, हे दुसरं. नाहीतर उद्या हमूर मेले तर विषाणू केंद्रातून गेला, पिंजऱ्यांतून गेला, की पूर्वीपासून समुद्रातच होता, यावर पोर्ट लिंकनसारखा वर्षानुवर्षं नुसता वाद होईल. पाहणी साथीआधीची लागते. साथीनंतरची पाहणी म्हणजे परीक्षेनंतर अभ्यास.

अडचणही मजेशीर आहे. विषाणू शोधायला मेंदू आणि डोळे लागतात, म्हणजे डोकं. आणि हमूरचं डोकं म्हणजे रश्श्याचा जीव. ते फुकट कुणीही देणार नाही. साठ हमूर म्हणजे साठ पूर्ण हमूर विकत घ्यायचे. किलोचा भाव तुम्हाला माहीत आहे, गुणाकार तुम्हीच करा.

भारतात २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर नजर ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्याची सूत्रं लखनौच्या मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहेत, जिथून सगळ्यात जवळचा समुद्र शेकडो किलोमीटरवर. त्याचा भर अर्थातच शेततळ्यांवर आणि कोळंबीवर आहे. याला कारण आहे. तळ्यातला मासा मेला की शेतकरी फोन करतो, कारण पैसे त्याचे बुडतात. समुद्रातल्या माशाला जाळ्यात येईपर्यंत मालकच नसतो. पण तळं आणि समुद्र यांच्यात भिंत कुठे आहे? कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग १९९४ मध्ये भारतात आला आणि तळ्यांचे मालक उद्ध्वस्त झाले. तळ्यांत पाणी खाडीचं, तळी रिकामी करायची ती खाडीतच. नंतर शोधलं तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगली कोळंब्यांत आणि खेकड्यांतही तोच विषाणू मिळाला.

हिवाळ्यात आपण सगळे फुवैरितला, अल वक्राला, झक्रीतला सहलीला जातो, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट. किनाऱ्यावर मेलेले मासे दिसले तर फोटो काढून ग्रुपवर अंदाजपंचे करण्यापेक्षा चार गोष्टी टिपून ठेवा. जागा आणि तारीख. मासे एकाच जातीचे आहेत की सगळ्या जातींचे, कारण एकाच जातीचे मरतात तेव्हा संसर्गाचा संशय आधी येतो, आणि खेकड्यांसकट सगळंच मेलं असेल तर पाण्यातल्या ऑक्सिजनचा किंवा विषारी शैवालाचा. लहान की मोठे. पाण्याचा रंग कसा आहे, आणि एखादा मासा अजून जिवंत असून गिरक्या घेतोय का. इथला मत्स्यविभाग नगरपालिका मंत्रालयाकडे आहे, ही माहिती त्यांना कळवा. मासे उचलून घरी आणू नका, आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच टाकू नका. गोठलेल्या माशाच्या मेंदूतल्या पेशी फुटतात आणि मग त्या पोकळ्या विषाणूने पाडल्या की आपल्या फ्रीझरने, हे सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखणं कठीण होतं.